हात पुरेल तिथवर

डेअरीच्या फाटकावर नव्या साहेबानं कागद डकवला मंगळवारी सकाळी. दूध घालून लेक घरी आला आणि चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. चहा गार करणारं आमच्या घरात कुणी नाही, म्हणून मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"आई, गाडी नापसंत केली."

"का? तिला काय पाहायला आले होते?"

त्याला हसू आलं नाही. मग मीही कमरेवरचा हात काढला.

सोळा वर्षं आमची लाल पिकअप बारा वस्त्यांचं दूध गोळा करून डेअरीत नेते. यांनी ती कोरी आणली, यांच्यामागं लेक चालवतो. आता हा नवा चष्मेवाला साहेब म्हणतो, विटकी, गंजकी गाडी दुधाला लावायची नाही. गाडी बघून लोक दुधाला नावं ठेवतात. सोमवारी सकाळी सात वाजता सगळ्या गाड्या तपासणार. जी पसंत पडणार नाही तिची फेरी दुसऱ्याला.

"मग रंग मारून घे."

"तेही चालत नाही. कागदावर खाली तेच लिहिलंय. मागच्या महिन्यात एकानं उलटलेली गाडी रंगवून आणली होती. भर रस्त्यात तिचा मागचा फाळका निसटला, सगळे कॅन गटारात. तेव्हापासून नवा रंग दिसला की गाडी बाद."

"म्हणजे जुनी दिसायला नको आणि नवीही दिसायला नको. हा साहेब गाडी बघतोय का सून बघतोय?"

सून चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

लेकानं कप खाली ठेवला. "फेरी गेली तर मी मोठ्या ट्रकवर जाणार. बोलावणं आहेच. महिना महिना घर दिसायचं नाही. मग हिलाही तिकडंच नेईन."

तो हे मला सांगत होता, पण बघत होता भिंतीकडं. मी उठले आणि पाणी तापत नसतानाच झाकण काढून पातेल्यात बघितलं. त्यात मला माझंच तोंड दिसलं. या एवढ्या घरात मी आणि ते पातेलं, दोघांनीच राहायचं.

बाहेर जाऊन गाडीपुढं उभी राहिले. रोज दिसणारी वस्तू माणूस बघत नाही. लाल कुठली, अंगाच्या साबणासारखी गुलाबी झालेली. दारावर बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं. पुढचा काळा बंपर, आरशांच्या टोप्या, दाराच्या मुठी, सगळं राखेच्या रंगाचं. बोलायचं तर कुणाला तरी बोलायलाच हवं होतं.

"हे उन्हानं झालंय," मी म्हटलं. "शेडमध्ये कडबा भरून ठेवायचा आणि गाडी कुंपणाला उन्हात लावायची. अंगणात गाडी कोण वळवतं? आमच्या सूनबाई वळवतात. घ्या आता."

सून पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "आमच्या बाबांना बोलवू का?"

तिचे बाबा म्हणजे आमचे व्याही. तीस वर्षं एका कारखान्यात गाड्या घासून-पुसून, मेण लावून चमकवायचं काम केलेला माणूस. लग्न ठरत होतं तेव्हा मीच म्हणाले होते, ज्याच्या नखातलं मेण निघत नाही त्याच्या घरची पोरगी काय करायची. हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मला ठाऊक होतं की गेलं होतं. चार वर्षांत ते आमच्याकडं दोनदा आले, दोन्ही वेळा अंगणातल्या खुर्चीवर बसून गेले.

"बोलव," मी म्हटलं. "पण त्यांना आधी सांगून ठेव, गाडी कुणामुळं अशी झालीय ते."

बुधवारी दुपारच्या बसनं व्याही आले. खांद्याला पिशवी, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं पॉलिशचं मशीन, तान्हं मूल धरल्यासारखं. पाणी पिण्याआधी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हात मागं बांधून. मी मागं मागं चालत होते.

"ऊन लागलंय हो व्याही. तुमच्या लेकीनं कुंपणाला लावून लावून मारली गाडी."

त्यांनी लेकीकडं बघितलं. ती बादली भरत होती, भरतच राहिली.

"बघू," व्याही म्हणाले. "आधी सावली पाहिजे. तापलेल्या पत्र्याला मी हात लावत नाही."

मग आम्ही शेड रिकामी केली. लेक आणि मी पेंढ्या उचलतोय, सून रचतेय. मानेवर कुसळं, नाकात धूळ. दिवस कलेपर्यंत शेड मोकळी झाली आणि माझी कंबर धरली. सुनेनं गाडी मागं घेऊन एका झटक्यात आत घातली. व्याह्यांच्या तोंडावर किंचित काहीतरी हललं. लेकीचं कौतुक मिशीत लपवत होते.

धुवायची वेळ आली तसा मी माझा काथ्या आणि भांड्यांच्या पावडरीचा डबा घेऊन आले. आमच्या कॅनांचं डेअरीत नाव आहे. जुना साहेब दुसऱ्यांना म्हणायचा, कॅन कसा असतो ते त्या बाईचा बघा. हे मी कुणाला सांगत नाही, पण व्याह्यांना सांगितलं.

"हे घ्या. याच्याशिवाय मळ सुटत नाही."

व्याह्यांनी काथ्या हातात घेतला. उलटा करून बघितला. मग दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि इंगळी ठेवावी तसा तो हळूच भिंतीच्या कोनाड्यात ठेवला.

"लागला तर घेतो, विहीणबाई."

त्यांनी दोन बादल्या मांडल्या, एक फेसाची, एक साध्या पाण्याची. मऊ हातमोजा फेसात बुडवायचा, वरून खाली पुसायचं, साध्या पाण्यात खळबळायचा, परत फेसात. मला वाटलं, या नाजूक कामानं सोमवार नाही, पुढचा सोमवार उजाडेल.

गुरुवारी लेक फेरी करून आला तर गाडीवर परत धुळीचा थर. दूध काही थांबत नाही. परत दोन बादल्या. मग व्याह्यांनी पिशवीतून कणकेसारखा एक गोळा काढला, पत्र्यावर साबणाचं पाणी मारलं आणि तो गोळा अलगद घासत नेला. उलटा केला तर त्यात काळे कण. धुतलेल्या गाडीतून! मी बोट लावून बघितलं. आधी पत्रा खरखरीत लागत होता, आता बोट घसरत होतं. हे मला आवडलं. मळ निघालेला दिसला की मला कुणाचंही काम आवडतं.

काळ्या प्लास्टिकवर त्यांनी कागदी पट्ट्या चिकटवल्या. पॉलिश त्यात शिरलं तर पांढरे डाग पडतात म्हणाले. मग स्टुलावर चढले, छतावर पिवळट पॉलिशचे चार ठिपके दिले आणि मशीन लावलं. घर्रर्र. कोंबड्या पळाल्या. मिनिटभरानं त्यांनी मशीन उचललं आणि मी किंचाळले.

"थांबा! थांबा व्याही! रंग निघतोय!"

मशीनच्या चकतीवरची पांढरी लोकर लालभडक झाली होती. कोंबडी कापल्यासारखी. लेक धावत आला.

"मामा, हे काय?"

व्याही शांत. "मेलेला रंग निघतोय. जिवंत त्याच्या खाली आहे." त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, पुसलं आणि बाजूला झाले. "या. चढून बघा."

मी स्टुलावर चढले. सुनेनं माझा गुडघा धरला, लेकानं कोपर. आणि मी बघितलं. त्या गुलाबी, मेलेल्या छताच्या मधोमध पाटाएवढा लाल तुकडा. असा लाल, की शेडचे वासे त्यात दिसत होते, पत्र्यातलं भोक दिसत होतं, आणि वासे मोजणारी मी दिसत होते.

"अगं बाई!" मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. "अगं बाई, ही तर आणली त्या दिवशीची!"

त्या दुपारी कुणाला भूक लागली नाही. लेक चढून बघतोय, सून चढून बघतेय, मला उतरवलं की मी परत चढतेय. संध्याकाळपर्यंत अख्खं छत आरसा झालं. कडेकडेला व्याही मशीन नेत नव्हते, बोटाला फडकं गुंडाळून हातानं करत होते. कडेला रंग पातळ असतो म्हणे. मला वाटलं, उद्या दारं, परवा मागचा हौदा, झालंच.

शुक्रवारी दार धरलं आणि गाडं अडलं.

लाल आला. पण छतावरचा नव्हे. त्यात जाळं होतं. उन्हाची तिरीप पडली की कोळ्यानं विणल्यासारख्या बारीक रेघा, सगळ्या कमानीसारख्या वाकलेल्या, एकीवर एक. व्याह्यांनी दुसऱ्यांदा मशीन फिरवलं. तिसऱ्यांदा. घाम त्यांच्या कानामागून गळत होता. रेघा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत.

लेक डोकं खाजवत म्हणाला, "मामा, ऊन तर छताला सगळ्यात जास्त. छत एका हातात झालं आणि दाराला तीन-तीन हात का लागतात?"

व्याह्यांनी मशीन बंद केलं. "असतं एकेका गाडीचं," म्हणाले आणि पाणी प्यायला विहिरीकडं गेले. पाण्याचा तांब्या तिथंच हाताशी होता.

लेकही त्यांच्यामागं गेला. मी दारापाशी एकटी राहिले.

मी शिकलेली नाही, पण डोळे फुटलेले नाहीत. रेघा दाराच्या तळापासून वर खिडकीच्या काचेपर्यंत होत्या. तिथून वर चार बोटं, आणि खलास. वरचा खांब नितळ. मी दुसऱ्या बाजूला गेले. तिथंही तेवढ्याच उंचीवर सगळं थांबलेलं, दोरी धरून आखल्यासारखं. बॉनेट बघितलं. दोन्ही कडांनी रेघा आत गेल्या होत्या आणि मधे, जिथं इकडूनही पोचत नाही आणि तिकडूनही पोचत नाही, तिथं एक नितळ तिकोन.

या घरात लेक सहा फुटी. सून त्याच्या कानाला लागते. मी उभी राहिले की खिडकीतून स्टिअरिंग जेमतेम दिसतं.

मी हात उचलला. दर रविवारी उचलायची तसा. खांद्यातून गोल फिरवला. रेघा माझ्या हाताखालून बरोबर धावल्या. आणि काही रेघांच्या शेजारी एक जाड चरा होता, ठरावीक अंतरावर, प्रत्येक कमानीला जोडून. माझ्या मनगटातलं पितळी कडं त्या चऱ्यावर टेकलं.

सोळा वर्षं. दर रविवारी. काथ्या आणि पावडर. आणि घासून झालं की कमरेवर हात ठेवून बघायची, कशी लख्ख झाली म्हणून.

मागं बादलीची कडी वाजली. सून होती. ती माझ्या हाताकडं बघत होती आणि मी हात खाली घ्यायला विसरले होते.

"तुला ठाऊक होतं?"

तिनं बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "आले त्या वर्षी एकदा म्हटलं होतं मी. काथ्यानं रंग जातो म्हणून. तुम्ही म्हणालात, कालची पोर मला घासायला शिकवते."

"मग परत का नाही म्हणालीस?"

"परत कशाला म्हणेन, आई?"

खरंच होतं. परत म्हणाली असती तर मी परत तेच म्हणाले असते, वर दोन शब्द जास्त.

आणि व्याही. त्यांनी काथ्या हातात घेतला तेव्हाच ओळखलं होतं. मी त्यांच्या लेकीवर ठपका ठेवत होते, आणि ते ऐकून घेत माझी लाज झाकत होते. नखात मेण असलेला माणूस.

मी बादलीतला फेस मनगटाला लावला. कडं तीस वर्षं निघालं नव्हतं. अंगठ्याचं हाड दाबलं, कातडं सोललं, डोळ्यांत पाणी आलं ते त्याचंच. निघालं. सुनेच्या हातात दिलं.

"हे ठेव. गाडीला लागतं."

तिनं ते घेतलं. पदराच्या गाठीला बांधलं.

विहिरीवरून व्याही आले तेव्हा मी फडकं घेऊन उभी होते. "मला काम द्या," मी म्हटलं.

ते माझ्या सोललेल्या मनगटाकडं बघत राहिले. मग त्यांनी फडक्याची चौपदरी घडी करून दिली. "घासायचं नाही, विहीणबाई. भांडं नाही हे. तान्ह्याचं अंग पुसता ना, तसं."

"आणि हे जाड चरे?"

"ते राहतील. आणखी उतरवलं तर पत्रा लागेल. कुठवर घासायचं ते कळलं पाहिजे." एवढं बोलून ते चपापले. मला लागेल असं वाटलं त्यांना. लागलंच, पण मी हसले.

शनिवारी आणि रविवारी आम्ही चौघांनी नुसता धुडगूस घातला. फेरी करून गाडी आली की तिच्यावर तुटून पडायचं. चाकाच्या वरच्या कमानीला गंज धरला होता तो लेकानं पॉलिश कागदानं घासून काढला. व्याह्यांनी तिथं औषध लावून बारक्या कुंचल्यानं बोटभर लाल भरला. सुनेनं खिडक्यांची रबरं पुसली. मी दारं धरली, दोन्ही, आणि कुणाला हात लावू दिला नाही.

खरी मजा काळ्या प्लास्टिकची. व्याह्यांनी गरम हवेचं मशीन काढलं आणि बंपरपासून वीतभर लांब धरून हलवत राहिले. एका जागी धरलं तर वितळतं. हवा पुढं सरकली आणि तिच्यामागं राखेतून काळं उमटत गेलं, ओल्या मातीसारखं.

"आलं! काळं आलं!" मी ओरडले. "तिकडं राहिलं, तिकडं! अहो कोपरा!"

"आई, मामांना करू दे," लेक म्हणाला.

"तू गप. तुला काय कळतंय काळ्यातलं?"

व्याही पहिल्यांदा मोठ्यानं हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, मला चार वर्षांत कळलं नव्हतं.

रविवारी दुपारी मेण लावलं. पातळ थर, सुकेपर्यंत थांबायचं, मग पुसायचं. थांबणं हेच सगळ्यात अवघड काम निघालं. मेण उतरल्यावर सुनेनं तांब्याभर पाणी बॉनेटवर ओतलं. पाण्याचे थेंब शहाण्या पोरांसारखे गोल गोल होऊन घसरत खाली गेले. व्याह्यांना त्या संध्याकाळी मी घरात, माझ्या शेजारच्या पाटावर जेवायला बसवलं. ते बसले.

सोमवारी चौघंही गाडीतून गेलो. मी पुढं. डेअरीच्या आवारात अकरा गाड्या रांगेत होत्या. आमची, रोज धुळीत माखून येणारी, आज लख्ख होऊन आत शिरली आणि बाकीच्या ड्रायव्हरांच्या विड्या ओठातच राहिल्या.

"कुणाची रे ही?"

"म्हातारीची! शपथ, म्हातारीची!"

माझी मान इतकी ताठ झाली की दुखायला लागली.

चष्मेवाला साहेब वही घेऊन आला. तरणा होता, पोट नव्हतं, म्हणजे अजून धोकादायक. त्यानं बंपरवर हात फिरवला, छताकडं बघितलं, बॉनेटमध्ये स्वतःचा भांग बघितला. आणि वही मिटली.

"कुठं रंगवली?"

"रंगवली नाही साहेब," लेक म्हणाला. "पॉलिश केलंय. मूळचाच रंग आहे."

"सोळा वर्षांची गाडी? मागच्या मंगळवारी मी हिला बघितलंय. सहा दिवसांत पॉलिशनं अशी होते?" तो हसला. "नियम लिहिलेला आहे. रंगवलेली गाडी बाद. पुढची."

लेकाचं तोंड पडलं. मागं कुणीतरी खुसखुसलं. व्याही पुढं सरकले, तोंड उघडलं आणि मिटलं. काय दाखवलं तर साहेबाला पटेल हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जमिनीकडं बघितलं. सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि तिनंही नजर काढून घेतली. म्हणजे मी बोलले नाही तर ही दोघं मरेपर्यंत बोलणार नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकून लेक ट्रकवर जाणार होता.

"साहेब," मी म्हटलं. "चष्मा पुसा आणि इकडं या."

"काय आजी?"

"या तर. बसा खाली. उकिडवं बसा. आता उन्हाकडं तोंड करून दाराकडं तिरकं बघा. काय दिसतंय?"

तो बसला. बघितलं. "रेघा आहेत."

"नव्या का जुन्या?"

"जुन्या दिसतात."

"नवा रंग मारला असता तर त्याच्या खाली गेल्या असत्या का नाही?"

तो आणखी वाकला. मग त्यानं नखानं एक चरा चाचपला. "पण कशाच्या आहेत?"

सगळे ड्रायव्हर जवळ आले होते. अकरा गाड्यांचे अकरा आणि वर डेअरीतले. मी दाराला चिकटून उभी राहिले, हात उचलला आणि गोल फिरवला, तळापासून काचेपर्यंत.

"माझ्या. सोळा वर्षं दर रविवारी मी ही गाडी काथ्यानं घासली, कॅन घासते तशी. गाडी नुसती उन्हानं नाही मेली, माझ्या हातानंही मेली. आणि ठपका मी सुनेवर ठेवला. हे तिचे वडील, त्यांनी ती जिवंत केली. अजून काही विचारायचंय?"

साहेब माझ्या हाताच्या मागं मागं बघत होता. "आणि इथून वर रेघा का नाहीत?"

"वर हात पुरत नाही."

आधी एक हसला. मग सगळं आवार हसलं. असं हसलं की आतून माणसं बघायला आली. माझे कान तापले, पण मी हात खाली घेतला नाही. साहेबानं मला दुसऱ्या बाजूला नेऊन तिथंही हात फिरवायला लावला. बॉनेटचा तिकोनसुद्धा बघितला. लेक पुटपुटला, "हात दाखवून अवलक्षण," आणि पुटपुटतानाच त्याला हसू फुटलं.

साहेबानं वही उघडली. हौद्यातल्या कॅनांकडं बघितलं. ते उन्हात असे चमकत होते की त्याला डोळे बारीक करावे लागले.

"कॅन कोण घासतं?"

"मीच. त्यांना चालतं."

त्यानं सही केली.

व्याही आणखी चार दिवस राहून गेले. जाताना सुनेला मऊ फडकी, मेणाची डबी आणि हातमोजा देऊन गेले, आणि कोनाड्यातला काथ्या मला. "कॅनांना," म्हणाले.

रविवार आला. मी दोन बादल्या भरल्या. सून बाहेर आली ती स्टूल घेऊन. गाडीशी ठेवलं आणि म्हणाली, "आई, छत तुमचं."

सोळा वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या गाडीचं छत पुसलं. वरून बघितलं तर ती खाली दारापाशी आली होती. माझं कडं तिच्या हातात होतं. मी मागितलं नव्हतं आणि तिनंही दिलं नव्हतं. पण फडकं उचलण्याआधी तिनं ते काढून खिडकीत ठेवलं, मगच दाराला हात लावला.

मी छतावर फडकं फिरवत राहिले. बोलले असते तर कौतुक झालं असतं.